गोल्फच्या रीतीभाती, गवताच्या बाजूने

गोल्फच्या शिष्टाचाराबद्दल कुणी विचारलं की क्लबातली मंडळी सगळ्यात आधी कपड्यांवर येतात. शर्टाला कॉलर हवी, तो खोचलेला हवा, जीन्स चालणार नाही, हाफ पँट घातलीच तर गुडघ्यापर्यंतची. नव्या सभासदाच्या हातात जो कागद देतात त्यावरही बहुधा पहिलं हेच असतं. कॉलरशी माझं काही वाकडं नाही. पण मी गवताचं काम बघणारा माणूस. कडक इस्त्रीच्या शर्टातला खेळाडू ग्रीनवर, म्हणजे ज्यात चेंडू घालायचा त्या होलभोवतीच्या आखूड गवतावर, खळगा पाडून तसाच पुढे गेलेला मी रोज बघतो. म्हणून माझी यादी जमिनीपासून सुरू होते.

पुण्याजवळच्या एका कोर्सवर मी ग्रीनकीपर आहे. गाव माण तालुक्यातलं, वडिलांची ज्वारी-बाजरीची जिरायत. राहुरीला बीएस्सी अ‍ॅग्री करत होतो तेव्हा वाटायचं, उसात नाहीतर डाळिंबात काम करू. नोकरी मिळाली ती गवताची. लहानपणी नांगरट झाली की आम्ही भावंडं हरळीच्या काशा वेचायला जायचो. ढीग करायचा, वाळवायचा, बांधावर जाळायचा. एखादी काशी मातीत राहिली तरी पावसाळ्यात वावर पुन्हा हरळीने भरायचं. आज मी ज्या ग्रीनची राखण करतो त्यावरचं गवत त्याच हरळीच्या घरातलं आहे, हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांना बराच वेळ खरं वाटलं नव्हतं.

गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच ही हरळी. तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या जातीशी संकर करून अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रात, गोल्फच्या ग्रीनसाठी वाण काढले गेले. टिफग्रीन १९५६ मध्ये आलं, टिफड्वार्फ १९६५ मध्ये. या संकरित गवताला रुजणारं बी धरत नाही. नवं ग्रीन करायचं तर काड्यांचे तुकडे वाळूत पसरून, दाबून, ओलं ठेवून वाढवावं लागतं, उसाची कांडी लावतात तसं. एकदा चटई धरली की ते रोज तीन ते चार मिलिमीटरवर कापायचं. एवढ्या आखूड पानावर झाड जगतं ते कसंबसं. त्याच्या गाठीला फार काही शिल्लक नसतं, त्यामुळे त्याला झालेली इजा लवकर भरत नाही.

आणि त्याला पाणी लागतं. आमच्या कोर्सवर सांडपाणी शुद्ध करून वापरतात, पिण्याचं नाही. तरी मार्च-एप्रिलमध्ये गावाकडच्या वाड्यावस्त्यांवर टँकर सुरू झालेले असतात आणि मी इथे रात्रीच्या स्प्रिंकलरचं वेळापत्रक लावत असतो, ही गोष्ट मनाला टोचते. एवढं पाणी आणि एवढे हात लावून जे उभं केलं ते निष्काळजीपणाने तुडवलेलं मला बघवत नाही. या लेखातला माझा सगळा आग्रह तिथून आलेला आहे.

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळतो तिथे छोटा खळगा पडतो. त्याला सगळे पिच मार्क म्हणतात. चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, पण चांगला मारलेला चेंडू असा पडतो की गवत एका बाजूने फाटतं, पुढची कड वर उचलली जाते आणि तळाची वाळू उघडी पडते. लगेच नीट केला तर वाढीच्या दिवसांत हा खळगा दोन-चार दिवसांत शोधूनही सापडत नाही. तसाच सोडला तर उघडी मुळं उन्हात सुकतात, उचललेल्या कडेवरून दुसऱ्या दिवशी मशीनचं पातं जातं आणि ती कड खरवडली जाते. मग तो डाग भरायला दोन-तीन आठवडे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत हरळी जवळजवळ झोपलेली असते, तेव्हा त्याहूनही जास्त. मधल्या काळात त्या डागावरून ज्याचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे मारलेला हलका फटका, जाईल त्याचा चेंडू उडी मारणार किंवा वळणार, आणि त्याला वाटणार आपलाच हात हलला.

दुरुस्तीची रीत सोपी आहे. दोन दातांचा छोटा काटा खिशात असतोच. तो खळग्याच्या बाहेर, कडेला रुतवायचा आणि तिथलं गवत मध्याकडे ढकलायचं. असं चारी बाजूंनी करायचं. मग पटरच्या, म्हणजे पट मारायच्या दांड्याच्या, तळाने हलकं दाबून सपाट करायचं. झालं. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. पण निम्मी माणसं हे उलटं करतात: काटा खळग्याच्या तळाशी घालतात आणि माती वर उचकटतात. वरून सपाट दिसतं, खाली मात्र उरलीसुरली मुळंही तुटलेली असतात. दोन दिवसांनी तिथे तपकिरी ठिपका दिसतो. खळगा तसाच सोडून जाणाऱ्याचा मला राग येतो, पण उचकटणाऱ्याबद्दल वाईट वाटतं. त्याची इच्छा चांगली असते, त्याला कुणी हात धरून दाखवलेलं नसतं. म्हणून सांगतो, लाज न धरता आपल्या कोर्सवरच्या एखाद्या माळ्याला विचारा. तो तिथल्या तिथे गुडघ्यावर बसून दाखवेल, आणि त्याला आनंदच होईल.

आपला खळगा बुजवून झाला की शेजारचा आणखी एक बुजवावा, अशी जुन्या खेळाडूंची सवय आहे. ही सवय मला फार आवडते. पावसाळ्यात तर ती पाळाच. जून ते सप्टेंबर ग्रीन मऊ असतं, खळगे खोल पडतात, आणि ओलाव्यात बुरशी अशाच फाटलेल्या जागी आधी बसते.

पूर्वी एक सबब चालायची की नियमच आड येतो. बुटाच्या खिळ्यांनी उठलेलं गवत आपल्या पटच्या वाटेत असलं तरी पट करण्याआधी ते दाबायची परवानगी नव्हती. १ जानेवारी २०१९ पासून नियमांची मोठी फेरमांडणी झाली आणि ही अडचण गेली. आता ग्रीनवरची जवळजवळ कुठलीही इजा, चेंडूची असो की बुटाची, खेळण्याआधी दुरुस्त करता येते. त्याच फेरमांडणीत आणखी एक बदल झाला जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी वागणुकीचं प्रकरण नियमपुस्तकात नियमांच्या अगोदर, वेगळं छापलेलं असायचं. आता ते पहिल्याच नियमात आलं आहे. प्रामाणिकपणे खेळा, इतरांचा विचार करा, कोर्सची काळजी घ्या. डिव्हॉट (फटक्याने गवत उडून पडलेला खड्डा) भरा, बंकर (वाळूचा खड्डा) सारखा करा, पिच मार्क दुरुस्त करा. ही कामं त्या पानावर नावानिशी लिहिलेली आहेत. फार गंभीर गैरवर्तन असेल तर खेळाडूला थेट बाद करता येतं. आणि महिनाभरातच तशी वेळ आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौदी अरेबियातल्या व्यावसायिक स्पर्धेत सर्जिओ गार्सियाला, दोन वर्षांपूर्वी मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकलेल्या माणसाला, रागाच्या भरात ग्रीन खराब केल्याबद्दल याच नियमाखाली बाहेर काढलं. त्याने नंतर माफी मागितली. त्या स्पर्धेचे फटके, बक्षिसं मला आठवत नाहीत. पण एवढ्या मोठ्या खेळाडूला गवतापायी घरी पाठवलं, ही बातमी मी आमच्या माळ्यांना वाचून दाखवली होती. मुकादम मामांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

डिव्हॉटचं मात्र आपल्याकडे थोडं वेगळं आहे. फेअरवेवरून, म्हणजे टीपासून (पहिल्या फटक्याच्या जागेपासून) ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावरून, आयर्नने (लोखंडी पात्याच्या दांड्याने) मारलं की पुढे गवताची एक ढलपी उडते. टीव्हीवर थंड देशातला खेळाडू ती ढलपी उचलून जागेवर बसवतो आणि पायाने दाबतो. तिकडच्या गवताला आणि हवेला ते मानवतं. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात ती ढलपी दुपारपर्यंत वाळून जाते, संध्याकाळी वाऱ्याने उडते आणि खड्डा तसाच राहतो. हरळीच्या फेअरवेवर खरा उपाय म्हणजे वाळू. कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्याच्या, खांद्याला वाळूची पिशवी असते ती त्याचसाठी. खड्डा वाळूने भरायचा, बुटाने सारखा करायचा, जमिनीच्या पातळीवर आणायचा. वर ढीग ठेवायचा नाही, ढीग राहिला की मशीनची पाती बोथट होतात. कडेच्या हरळीचे धुमारे आपोआप त्या वाळूत शिरतात. ज्या गुणापायी गावाकडे आम्ही हरळीला शिव्या घालायचो तोच गुण इथे कामाला येतो. अर्थात मातीत मूळ धरलेली मोठी ढलपी असेल आणि पावसाळा असेल तर ती बसवूनही चालते. आपल्या कोर्सवर काय रीत आहे ते विचारून घ्यावं.

बंकरबद्दल थोडक्यात. उतरायचं ते खालच्या, सपाट बाजूने. उंच काठावरून उडी मारली की काठ ढासळतो, आणि तो पुन्हा बांधायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. निघताना रेकने (दाताळ्याने) आपली पावलं पुसत पुसत मागे यायचं. रेक कुठे ठेवायचा, आत की बाहेर, यावर प्रत्येक क्लबात वाद आहे. मला दोन्ही चालतं, फक्त तो वापरलेला असावा.

होलच्या काठाची काळजी फार कमी लोक घेतात. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, जगभर सगळीकडे तोच. पटरच्या डोक्याने चेंडू उचकून काढला, झेंड्याची काठी वाकडी ओढली, किंवा चेंडू काढताना पटरवर भार देऊन होलच्या शेजारी उभं राहिलं की काठ चुरगळतो. २०१९ पासून काठी होलमध्येच ठेवून पट करता येतं. त्यामुळे काठी ओढणं कमी झालं, पण काठी आणि काठ यांच्यामध्ये बोटं घुसवून चेंडू ओढणं वाढलं आहे. आधी काठी सरळ वर काढा, मग चेंडू घ्या. सकाळी पहिल्या गटाला मिळालेला गोल काठ संध्याकाळच्या शेवटच्या गटालाही मिळायला हवा. त्यांनीही तेवढेच पैसे भरलेले असतात.

दुसरा मारत असताना बोलू नये, त्याच्या मागे किंवा चेंडूच्या रेषेत उभं राहू नये, आपली सावली त्याच्या पटच्या वाटेवर पडू देऊ नये, त्या वाटेवर पाय ठेवू नये, मोबाइल बंद ठेवावा. या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात आणि बहुतेक जण पाळतातही. चुकलं तर गटातलाच कुणीतरी सांगतो. ज्यांच्या वतीने कुणी सांगत नाही त्यांच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

आमचे माळी पहाटे अंधारात कामाला लागतात. पहिला गट टीवर येण्याआधी अठरा ग्रीन कापून, होल बदलून, बंकर ओढून व्हायला हवेत. पहिली दोन-तीन होल होतात, पण पाचव्या-सहाव्यापर्यंत पहिला गट अनेकदा त्यांना गाठतो. शिवाय दिवसभर फेअरवेच्या कडेने खुरपणाऱ्या बायका असतात. लव्हाळा औषधाने पूर्ण जात नाही, तो हातानेच काढावा लागतो. त्या ओळीने बसलेल्या असतात, डोक्यावर पदर किंवा टॉवेल, पाठ टीकडे. हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरवरून (सगळ्यात लांब मारायच्या दांड्यावरून) सुटलेला चेंडू ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. पाठ करून बसलेल्या बाईला तो दिसत नाही. ऐकू येतो तो शेजारी आदळल्यावर.

'फोर' ही आरोळी अशा वेळेसाठीच आहे. ती घशाच्या देठापासून द्यायची असते, आणि चेंडू वाकडा गेला हे कळल्या क्षणी द्यायची असते. आपण वाईट मारला हे सगळ्यांना कळेल म्हणून काही लोक ती गिळतात. मी पाहिलं आहे. एका क्लबावर एका गृहस्थांचा चेंडू खुरपणाऱ्या बायकांच्या ओळीपासून दोन हातांवर पडला. आरोळी आली नाही. गृहस्थ कार्टमधून आले, चेंडूकडे पाहिलं, पुढचा फटका मारला आणि गेले. बायकांकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या शर्टाला कॉलर होती, चेंडू जिथे पडला तिथूनच मारला, फटका एकही कमी लिहिला नाही. तरीही त्यांना मी चांगला गोल्फर म्हणणार नाही.

आमच्याकडे एक निवृत्त डॉक्टर येतात. ते टीवर चेंडू ठेवण्याआधी पुढे बघतात. कुणी काम करताना दिसलं की थांबतात, कॅडीला हात वर करायला सांगतात. तिकडून हात वर झाला, बायका झाडाआड झाल्या, की मग मारतात. जवळून जाताना म्हणतात, "मावशी, चालू द्या तुमचं, आम्ही गेलो." त्यांचा हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, फार चांगला नाही, चेंडू कुठेही जातो त्यांचा. पण ते कोर्सवर आहेत हे कळलं की खुरपणीवरच्या बायका निर्धास्त असतात.

गवताचं काम चालू असेल तर वाट माळ्याची आधी, हे साधं तत्त्व सगळ्यांनी मानावं. तो ग्रीनवर असेल तर तो बाजूला होऊन हात दाखवेपर्यंत मारू नये. तो तुम्हाला अडवून ठेवायला बसलेला नसतो. मशीनची एक फेरी पुरी करतो आणि सरकतो.

कॅडीचंही तसंच. जगात बऱ्याच ठिकाणी सामान्य खेळाडूला आता कॅडी मिळत नाही, ढकलगाडी नाहीतर कार्ट घ्यावी लागते. आपल्याकडे तो अजून आहे. बहुतेक ठिकाणी तो पगारी नोकर नसतो. फेरी मिळाली तर त्या दिवसाचे पैसे. पावसाने कोर्स बंद झाला की त्याची मिळकत बंद. पाच तास तो बॅग वाहतो, वाळू भरतो, चेंडू पुसतो, रेक ओढतो, काठी धरतो. त्याला नावाने हाक मारावी. तुमच्याहून वयाने मोठा असेल तर 'दादा', 'काका' म्हणायला काहीच हरकत नाही. मध्ये चहाच्या टपरीवर आपण थांबलो तर त्याच्याही चहाचं बघावं. पट हुकला की "लाइन चुकीची सांगितलीस" म्हणून त्याच्यावर घसरू नये. लाइन त्याने सांगितली, मारला आपण.

२०२१ च्या मास्टर्समध्ये हिदेकी मात्सुयामा जिंकला, पुरुषांची मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला जपानी. सगळे कॅमेरे त्याच्याकडे होते. मागे त्याचा कॅडी शोता हायाफुजी अठराव्या होलमध्ये काठी परत लावायला गेला, टोपी काढली आणि कोर्सकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. ती चित्रफीत मी आमच्या कॅडींना मोबाइलवर दाखवली. एकाने विचारलं, "सर, त्यानं कुणाला नमस्कार केला?" दुसऱ्याने मी बोलायच्या आधीच सांगितलं, "जमिनीला. आमचे वस्तादही आखाड्यात उतरताना करतात."

आणि हेही लक्षात असू द्या की माळी-कॅडींच्या घरातूनच या देशाचे काही उत्तम खेळाडू आले आहेत. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथे मुलगा बघत बघत शिकला. २००८ मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. दिल्लीच्या अली शेरने त्याआधीच, १९९१ आणि १९९३ मध्ये, इंडियन ओपन जिंकली होती. तोही कॅडींमधून वर आलेला. आज तुमची बॅग उचलणारा पोरगा सोमवारी उधारीच्या दोन क्लबवर (खेळायच्या दांड्यांवर) तुमच्याहून चांगला खेळत असेल, ही अगदी शक्य कोटीतली गोष्ट आहे.

कॅडीच्या बाबतीत एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. चेंडू झाडीत, उंच गवतात गेला की काही लोक कॅडीला पुढे पाठवतात. साहेब पोचेपर्यंत चेंडू मोकळ्या जागी, छान वर बसलेला असतो. कुणी काही बोलत नाही. साहेबांनी सांगितलेलं नसतं, कॅडीने विचारलेलं नसतं, पण फेरीअखेर वर दिलेल्या नोटेत त्याचा हिशेब असतो. स्वतः पायाने चेंडू सरकवणारा निदान स्वतःपुरता खोटा असतो. हा माणूस मात्र रोजीवर जगणाऱ्या मुलाला खोटं वागायची सवय लावतो, आणि पकडलं गेलंच तर त्या मुलाची कोर्सवर येण्याची परवानगी जाते, साहेबांचं सभासदत्व नाही.

याच्या शेजारी ब्रायन डेव्हिस या व्यावसायिक खेळाडूला ठेवून बघा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हिल्टन हेड बेटावर हार्बर टाउनच्या कोर्सवर जिम फ्युरिकबरोबर त्याचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा निर्णायक खेळ, चालू होता. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत, तो तोपर्यंत एकदाही जिंकला नव्हता. त्याचा चेंडू खाडीकाठच्या वाळक्या बोरूंत गेला. तिथून मारताना, क्लब मागे नेताना एका सुट्या काडीला पातं निसटतं लागलं. कुणाला दिसलं नाही. त्यानेच पंचांना बोलावून सांगितलं, बहुतेक माझा क्लब लागला. टीव्हीवर संथ गतीने बघितल्यावर तेव्हा कुठे काडी हललेली दिसली. दोन फटक्यांचा दंड बसला आणि स्पर्धा फ्युरिकने जिंकली. डेव्हिसला पीजीए टूरवर पुढेही कधी विजय मिळाला नाही. आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा जागी सुटी काडी हलली तर दंडच नाही! माझ्यासारख्या रोज काड्या-पाचोळ्यात हात घालणाऱ्याला ही गोष्ट विसरता येत नाही. ज्या काडीसाठी त्याने स्पर्धा सोडली, ती आज त्याला खुशाल उचलून टाकता आली असती. पण त्या दिवशी नियम तो होता, आणि तो त्या दिवशीच्या नियमाने वागला.

संथ खेळाबद्दल लिहायचं टाळणार होतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. दोनच गोष्टी. चेंडू शोधायला आता पाच नाही, तीन मिनिटं मिळतात. आणि नियमपुस्तक सांगतं की पाळी आली की चाळीस सेकंदांत फटका मारावा. पुढचं होल रिकामं आणि मागचा गट टीवर कमरेवर हात ठेवून उभा, असं दिसलं तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. हसून हात करा, ते आभार मानतील. यात मला गवताचाही फायदा दिसतो: रखडलेले गट ग्रीनच्या कडेला एकाच जागी उभे राहून घोळके करतात, बॅगा टेकवतात, कार्ट आणून लावतात. तिथली जमीन दगडासारखी होते. पावसाळ्यात तर कार्टने वाट सोडूच नये. ओल्या फेअरवेवर एका कार्टच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दिसतात.

शेवटी सोमवारविषयी. आपल्याकडचे बरेच कोर्स सोमवारी बंद असतात, आमचाही. दर सोमवारी कुणाचा तरी फोन येतो की कोर्स रिकामाच आहे तर नऊ होल खेळून जातो, कुणाला त्रास नाही. मी नाही म्हणतो, आणि त्यांना वाटतं मी हुद्दा दाखवतो आहे. त्यांना मी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचं उदाहरण देतो. तिथला ओल्ड कोर्स, जिथे खेळायला जगभरातून लोक रांगा लावतात, रविवारी बंद असतो. काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर त्या दिवशी गावातले लोक तिथे फिरायला येतात. एकोणिसाव्या शतकात तिथे टॉम मॉरिस कोर्सची राखण करायचे. चार वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकलेला हा माणूस आयुष्यभर गवताचं काम करत राहिला, ग्रीनवर वाळू पसरण्याची पद्धत रुळवण्याचं श्रेयही त्यांना देतात. जमिनीला आठवड्यातून एक दिवस विसावा हवा, याबद्दल ते ठाम होते.

आता येत्या सोमवारी आम्ही काय करणार आहोत ते सांगतो, म्हणजे फोन करणाऱ्यांना कळेल. नऊ ग्रीनवर पोकळ सुळ्यांचं मशीन चालवायचं आहे. ते बोटभर रुंदीचे, तीन-चार इंच खोल मातीचे गट्टू उपसून काढतं. वर्षभर पायांनी दाबून घट्ट झालेल्या जमिनीत त्यामुळे हवा जाते, मुळं खाली उतरतात, पावसाचं पाणी साचत नाही. गट्टू फावड्याने गोळा करायचे, वर चाळलेली कोरडी वाळू पसरायची, ती झाडूने आणि जाळीने भोकांत ओढायची, मग रोलर आणि शेवटी पाणी. त्या दिवशी सगळे माळी, खुरपणीवरच्या मावश्या, सगळे ग्रीनवर असतील. उरलेली नऊ त्याच्या पुढच्या सोमवारी.

मंगळवारी सकाळी आलात तर ग्रीनवर वाळू दिसेल, भोकांच्या खुणा दिसतील, पट थोडा थरथरत जाईल. साधारण दोन आठवडे असंच राहील. या काळात पिच मार्क दाबताना काटा हलक्या हाताने वापरा, भोकांच्या कडा अजून पक्क्या नसतील. आणि बूट आपटून वाळू झटकायची असेल तर ग्रीनच्या बाहेर येऊन झटका.